मयेची अबोली आणि पर्वरीचं पाणी

आई गोव्यातल्याच मये या आमच्या गावाहून आमच्याकडे पर्वरीला राहायला आली ती जानेवारीत, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर, आणि येताना तिने कपड्यांची एक बॅग, देवाचा डबा आणि अबोलीच्या सहा कुंड्या आणल्या. गाडीत जागा नव्हती, मी म्हटलं कुंड्या पुढच्या खेपेला नेऊ, तर म्हणाली, "अगो, बॅग ऱ्हाऊ दे पुढच्या खेपेला. ही पहिली ठेव." म्हणून मयेपासून पर्वरीपर्यंत दोन कुंड्या माझ्या पायाशी आणि एक तिच्या मांडीवर असा प्रवास झाला.

ज्यांनी अबोली फक्त देवळाबाहेर वळेसरात ओवलेली पाहिलीये त्यांना हे कदाचित कळणार नाही. आमच्याकडे मयेला विहिरीच्या कठड्याला लागून अबोलीची एक रांगच होती, आजीने लावलेली, तिचंच बी पडून पडून पुढे वाढलेली. अबोलीला वास नाही पण रंग असा की बाराही महिने अंगणात कुणीतरी दिवा लावून ठेवलाय असं वाटावं. आईने त्या रांगेला कधी खत घातलेलं मी पाहिलं नाही, विहिरीवर भांडी घासली, कळशी विसळली की ते पाणी तिकडे, बस्स. आणि पानं कशी, गर्द हिरवी, तेल लावल्यासारखी चकचकीत.

पर्वरीला फेब्रुवारीपर्यंत सगळं ठीक होतं. मार्चमधे खालच्या पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या, आधी टोक, मग कड, मग अर्ध पान कागदासारखं कुरकुरीत. मी म्हटलं ऊन लागलं असेल, कुंड्या आत घेतल्या. मग म्हटलं पाणी कमी पडत असेल, म्हणून सकाळ-संध्याकाळ घालायला लागले, आणि आता लिहितानाही मला त्याचं वाईट वाटतं कारण तेच विष मी दुप्पट केलं होतं. नर्सरीत जाऊन पान दाखवलं तर तिथल्या माणसाने खत कमी पडतंय म्हणून दाणेदार खताचं पाकीट दिलं. ते घातल्यावर पंधरा दिवसांत दोन झाडं गेली. आई काही बोलली नाही. ती बाल्कनीत खुर्ची टाकून बसायची आणि जळलेली पानं एकेक करून खुडायची, आणि खुडलेली पानं टाकून न देता मांडीवर ठेवायची.

उन्हाची वेळ, कुंडीचा आकार, माती, खत, कीड सगळ्याचा विचार मी केला होता, फक्त पाण्याचा केला नव्हता. कसा करणार, पाणी पाण्यासारखं दिसत होतं. नळ सोडला की येतं ते पाणी, एवढीच आपली पाण्याची ओळख असते.

चोडणचा माझा मामेभाऊ मासे पाळतो, घरात तीन मोठ्या काचेच्या टाक्या आहेत त्याच्या. तो आईला भेटायला आला तेव्हा कुंड्या बघून त्याने पहिला प्रश्न हाच विचारला, "ताई, पाणी कुठलं घालतेस?" मी म्हटलं नळाचं. "कुठल्या नळाचं?" मला प्रश्नच कळला नाही. तो पुढच्या रविवारी टीडीएस मीटर घेऊन आला. पेनासारखी वस्तू असते ती, टोपण काढायचं, खालची दोन टोकं पाण्यात बुडवायची, पाण्यातून वीज किती सहज जाते त्यावरून पाण्यात विरघळलेले क्षार, म्हणजेच टीडीएस, किती ते पीपीएममधे, म्हणजे लिटरमागे किती मिलिग्रॅम, ते अंदाजाने दाखवते. काही शे रुपयांना मिळते. आम्ही चार पेल्यांत चार पाणी घेतली. स्वयंपाकघरातल्या नळाचं ७२. न्हाणीघरातल्या नळाचं ६९०. बाल्कनीतल्या नळाचं, जिथून मी झाडांना घालत होते, ते ६९४. एसीच्या नळीतून ठिबकणारं ९.

एकाच घरात एका नळाला ७२ आणि दुसऱ्याला ६९४. मी मीटर झटकून परत बुडवला. परत तेच.

स्वयंपाकघराची लाइन सरकारी नळाची आहे हे मला ऐकून माहीत होतं. आमच्या बार्देशात हे पाणी मुख्यतः अस्नोड्याच्या प्रकल्पातून आणि तिळारीच्या कालव्यातून येतं, तिसवाडी-फोंड्याला ओपाचं म्हणजे खांडेपार नदीचं, आणि खाली दक्षिणेला साळावली धरणाचं. सगळं सह्याद्रीवरून उतरलेलं नदीचं पाणी, जांभ्या दगडावरून वाहणारं, त्यात विरघळायला चुनखडी फारशी नाहीच, म्हणून ते असं हलकं. (साळावलीचं पाणी वापरणाऱ्यांनी एकदा तरी मे महिन्यात कुर्डीला जाऊन यावं. मोगूबाई कुर्डीकरांचं ते गाव धरणाखाली गेलं आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की देऊळ, घरांचे चौथरे परत वर येतात. नळ सोडताना मला ते आठवतं.) न्हाणीघर, संडास, बाल्कनी यांची लाइन मात्र सोसायटीच्या दुसऱ्या टाकीची, तिच्यात बोअरचं आणि उन्हाळ्यात टँकरचं.

बरं, मग बोअरचं पाणी जड आहे, एवढंच ना? भाऊपण तसंच म्हणाला. पण इथे आईने एक गोष्ट सांगितली ज्यामुळे सगळं कोडं सुटलं, आणि ती गोष्ट ती महिनाभर सांगत होती, मीच लक्ष दिलं नव्हतं. "तुमच्याकडे साबण अंगावरून जाता जात नाही. कितीही पाणी घेतलं तरी बुळबुळीत." जड पाण्यात याच्या उलट होतं. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरी साय धरते, गिझरमधे चुना बसतो. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. न्हाणीतला नळ चकचकीत, शॉवरची भोकं मोकळी, साबणाला हा एवढा फेस. म्हणजे मीटर म्हणतोय क्षार खूप आहेत आणि साबण म्हणतोय पाणी मऊ आहे.

मी खाली पंपरूममधे गेले. पंप बघणारे भाऊ चांगले आहेत, त्यांनी दार उघडून दिलं. आत एक उंच निळी टाकी, तिच्यावर घड्याळासारखं काहीतरी, आणि भिंतीला टेकवून मिठाची पोती. साधं मीठ, पंचवीस किलोची पोती, सहा की सात. मी विचारलं हे कशाला, तर म्हणाले, "मॅडम, सॉफ्टनरला. दर दोन दिवसांनी लागतं."

तिथेच उभी राहून मला पोटात कसंतरी झालं. कुंडीत मीठ जात होतं आणि घालणारी मी.

हे नीट सांगते कारण आता नव्या सोसायट्यांमधे सॉफ्टनर बऱ्याच ठिकाणी असतो आणि झाडं लावणाऱ्यांना त्याबद्दल कुणीच सांगत नाही. पाणी जड असतं ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे. सॉफ्टनरच्या टाकीत राळेचे बारीक मणी असतात, त्या मण्यांनी सोडियम धरून ठेवलेला असतो. पाणी त्यातून गेलं की मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मण्यांतला सोडियम संपला की मिठाचं पाणी सोडून ते परत भरून घ्यायचे, त्यासाठी पोती. म्हणजे क्षार कमी होतच नाहीत, एक जाऊन दुसरा येतो. हिशोब असा की लिटरला १०० मिलिग्रॅम हार्डनेस, म्हणजे जडपणा, काढला की साधारण ४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतो. ४०० हार्डनेसचं बोअर असेल तर १८४. गिझरसाठी, नळांसाठी, वॉशिंग मशीनसाठी हे उत्तमच आहे. पण झाडाला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हवे असतात, मॅग्नेशियमशिवाय पानाचा हिरवा रंगच तयार होत नाही, आणि सोडियम बहुतेक झाडांना नकोच असतो. जे हवं ते काढून घेतलं आणि नको ते दिलं.

म्हणून मीटर घ्या असं मी आता सगळ्यांना सांगते, पण त्याबरोबर हेही सांगते की मीटर किती ते सांगतो, काय ते सांगत नाही. बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, पिण्याच्या पाण्याच्या मानकात टीडीएस ५०० पर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या असं आहे, ते माणसांसाठी. कुंडीतल्या झाडासाठी ६९० कॅल्शियमचं असलं तर झाड कुरकुरत का होईना जगेल, ६९० सोडियमचं असलं तर नाही. शंका असली तर लॅबमधे पाणी देऊन हार्डनेस आणि सोडियम हे दोन आकडे वेगवेगळे मागायचे. आणि लॅबला द्यायच्या आधी आंघोळ करताना अंगावर लक्ष द्यायचं.

कुंडीतली माती बघितली तेव्हा मला अजून एक गोष्ट कळली. ती मयेची लाल माती होती, मूळची भुसभुशीत, हातात घेतली की मोकळी होणारी. आता वरून ती केकसारखी बसली होती, पाणी घातलं की वरच तळं साचायचं, आणि सुकल्यावर पातळ पापुद्रा धरून भेगा. सोडियम मातीला हेच करतो. चिकणमातीचे कण कॅल्शियममुळे एकमेकांना धरून गोळ्या करून असतात, मधे हवेला जागा राहते, सोडियम घुसला की गोळ्या सुटतात आणि बारीक गाळ होऊन सगळी भोकं बुजतात. मुळं एकीकडे खारट पाण्यात आणि दुसरीकडे श्वास कोंडलेली. मातीच्या कुंड्यांवर बाहेरून पांढरी भुकटी आली होती, ती मी चक्क जुनेपणाची शोभा समजले होते. बोटाला लावून जिभेवर ठेवली. खारट.

त्या दिवसापासून बाल्कनीतला नळ झाडांना बंद. स्वयंपाकघरातून पाणी भरून न्यायला लागलो, रात्री बादली भरायची आणि सकाळी घालायची. रात्रभर का, तर लोक म्हणतात क्लोरीन उडून जातं म्हणून. उडतं हे खरं आहे, उघड्या बादलीत चोवीस तासांत बरचसं जातं (ज्या शहरांत क्लोरामाइन वापरतात तिथे मात्र नुसतं ठेवून ते जात नाही), पण माझं मत विचाराल तर नळाच्या पाण्यात जेवढं क्लोरीन असतं तेवढ्याने कुंडीतलं झाड मरत नाही, त्याची भीती जरा जास्तच घालतात. बादली ठेवायचं माझं खरं कारण वेगळं आहे. एप्रिल-मेमधे गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी दोन वाजता हाताला चटका बसेल इतकं तापलेलं असतं आणि कितीतरी जण ऑफिसातून जेवायला आले की तेच पाइपने मुळांवर सोडतात. रात्रभर सावलीत ठेवलेलं पाणी थंड असतं. एवढाच फायदा, पण मोठा.

एसीचं पाणी पण धरायला लागलो. गोव्याच्या हवेत इतकी वाफ असते की रात्री सात-आठ तास एसी चालला तर अर्धी बादली सहज भरते. ते जवळजवळ डिस्टिल्ड असतं, त्यात क्षार नाहीत तसं पोषणही नाही, वर कॉइलवरची धूळ असते, म्हणून पिण्याच्या कामाचं नाही, पण झाडांना नळाच्या पाण्यात अर्धं अर्धं मिसळून छान. आरओ फिल्टरने बाहेर टाकलेल्या पाण्याचं मला खूप जण विचारतात, त्याला एकच उत्तर नाहीये. तुमच्या आरओत ७२चं पाणी जात असेल आणि तीन लिटरमागे एक लिटर शुद्ध निघत असेल तर बाहेर पडणारं साधारण शंभरेक असतं, खुशाल घाला. आत जाणारंच ९०० असेल तर बाहेर पडणारं १३००च्या आसपास जातं, ते लादी पुसायला ठेवा. आणि तांदूळ धुतलेलं पाणी आई आजही तुळशीला घालते, मासे धुतलेलं कढीपत्त्याला. परसात ते ठीक आहे, तिथे जमीन मोठी असते, जिरवून घेते. कुंडीत मासळीचं पाणी रोज घातलं तर वास, मुंग्या आणि शेजाऱ्यांशी भांडण. आठवड्यातून एकदा, पातळ करून, असा आमचा तह झालाय.

कुणी कुणी पाणी आंबट करायचं सुचवलं, लिंबू पिळा, व्हिनेगर घाला, एकीने तर कोकमाचं आगळ घालायला सांगितलं. अबोलीला किंचित आम्लधर्मी माती मानवते हे खरं, आणि पीएच वर गेला, म्हणजे आम्लपणा कमी झाला, की लोह मुळांना घेता येत नाही, मग कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसतं. पण आमचं दुखणं ते नव्हतं, आमची म्हातारी पानं कडेने जळत होती. शिवाय लिंबाचं आम्ल मातीतले जंतू थोड्या दिवसांत खाऊन टाकतात, परिणाम टिकत नाही. आणि आगळात मीठ असतं हो! कृपा करून झाडाला आगळ घालू नका.

आता नवं मीठ जाणं थांबलं होतं पण जुनं मातीत होतंच. ते कसं काढायचं यावर मी रात्र रात्र वाचत होते आणि उत्तर आमच्या घरातच होतं. आईचं माहेर चोडण. चारी बाजूंनी मांडवी आणि तिचे फाटे, भरतीला खारं पाणी वर चढतं, आणि तिथल्या लोकांनी पिढ्यानपिढ्या बांध घालून, मानशीची दारं बसवून खाजन शेती केली. मानस म्हणजे लाकडी झडपांचं दार, भरती आली की पाण्याच्या रेट्याने आपोआप मिटतं आणि ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडतं. आईला मी मातीत मीठ गेलंय म्हणून सांगितलं तर ती इतक्या सहज म्हणाली, "मग धुवायची. आमच्याकडे पहिल्या पावसात कोण पेरायचं? पहिला पाऊस खाजनाला धुवायचा, पाणी साचू द्यायचं, ओहोटीला मानशीतून सोडायचं, परत साचू द्यायचं. जमीन गोडी झाली की मग कोरगुट पेरायचा." कोरगुट म्हणजे खाजनातला भात, थोडा खारटपणा सोसणारा. तो सोसतो तरी त्याच्यासाठीसुद्धा जमीन आधी धुवायची.

मी त्यावर बराच वेळ गप्प बसले. मी ज्याला लीचिंग म्हणून स्क्रीनवर वाचत होते ते माझ्या आजोबांनी दर जूनमधे केलं होतं.

फक्त एक पायरी मधे लागते, मातीने घट्ट धरलेला सोडियम नुसत्या गोड्या पाण्याने पटकन सुटत नाही, त्याच्या जागी कॅल्शियम द्यावा लागतो. त्यासाठी जिप्सम. मी दहा इंची कुंडीला एक चमचा जिप्समची पूड वरच्या मातीत मिसळली, पापुद्रा काट्याने हलकेच फोडला, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात चार उरलेल्या कुंड्या एकेक करून धुतल्या. कुंडीच्या मापाच्या तिप्पट पाणी, थांबत थांबत, खाली परात ठेवून. परातीतलं पहिलं पाणी चहासारखं लालसर आणि मीटरवर २८४०. मी आईला आकडा दाखवला तर ती म्हणाली, "बघ." दुसऱ्या परातीला १३००च्या खाली, सहाव्या परातीला ३१०. बाल्कनीत ओणवी बसून सहा वेळा परात उचलून ओतली, कंबर मोडली, पण इतकं समाधान मला खूप दिवसांत कशात मिळालं नव्हतं.

त्याच दिवसांत शिवोलीच्या मैत्रिणीचा फोन आला, तिच्या विहिरीचं पाणी खारट लागतंय म्हणून. गेली काही वर्षं मे आला की हे होतं. किनाऱ्यावर जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, आणि त्याचा नियम असा आहे की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. उलट वाचलं की छातीत धस्स होतं, पातळी एक मीटर उतरली की खारं पाणी ४० मीटर वर सरकणार. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे शंभर भाग विहिरीच्या पाण्यात एक भाग समुद्र शिरला तरी टीडीएस साडेतीनशेने वाढतो. आजूबाजूला गेस्टहाऊस, पूल, दिवसरात्र चालणारे पंप. तिच्या आजेसासूने लावलेली जाई त्या विहिरीवर वाढली होती. मी तिला मीटर नेऊन दिला आणि जूनपर्यंत विहिरीचं पाणी बंद कर म्हणून सांगितलं, पण विहीर बंद करायला सांगणं हा काही उपाय नव्हे हे मलाही कळतं, आणि त्या पंपांवर कुणीतरी बंधन घालायला हवंय.

पाऊस आमच्याकडे त्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात आला. पहिल्या दोन सरी मी कुंड्या आत ठेवल्या, गच्चीवरची आणि हवेतली उन्हाळाभराची धूळ त्या सरींबरोबर उतरते, पिंपात पण ते पाणी धरत नाही. तिसऱ्या सरीला पिंप लावलं आणि कुंड्या बाल्कनीच्या कठड्यावर. पावसाचं पाणी मीटरवर १४.

आणि मग तो आवाज. मी आत पोळ्या करत होते, बाल्कनीतून टक्, थोड्या वेळाने परत टक्, टक्-टक्. मला वाटलं ग्रिलवर काहीतरी पडतंय. आई ओरडली, "ये गो ये, बी फुटतंय!" अबोलीचं फुलून गेलेलं कणीस असतं ना, सुकलेलं, तपकिरी, आपण खुडून टाकतो ते, त्याच्या आत बियांच्या छोट्या बोंडी असतात. त्या उन्हाने फुटत नाहीत, वाऱ्याने फुटत नाहीत. ओल्या झाल्या की थोड्या वेळात फटकन उकलतात आणि बी दोन-चार हात लांब उडवतात. आईने जळक्या झाडांवरची ती कणसं खुडली नव्हती, पानं खुडली पण कणसं ठेवली होती. मेलेल्या दोन झाडांच्या काड्यासुद्धा तिने कुंडीत तशाच ठेवल्या होत्या, मी दोनदा काढायला गेले तर नको म्हणाली होती. आता त्या काड्यांवरूनही बी उडत होतं. एक माझ्या गालावर लागलं. आम्ही दोघी त्या पावसात बसून राहिलो, पोळी करपली.

जुलैच्या मध्यापर्यंत चारही झाडांना नवी पालवी आली, कडा अख्ख्या. ऑगस्टमधे मात्र सगळीच पानं फिकी पडली आणि मी परत घाबरले. पण हे दुखणं निराळं होतं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो मीठ धुतो तसं पोषणही धुवून नेतो, आणि पावसाच्या पाण्यात स्वतःचं काही नसतं. म्हणजे पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं हे अर्धंच खरं, उघड्यावरच्या कुंडीला श्रावणात खायलाही द्यावं लागतं. थोडं गांडूळखत, चिमूटभर एप्सम सॉल्ट, ते मॅग्नेशियमसाठी, आणि कुंड्या दोन हात आत, पागोळ्या थेट पडणार नाहीत अशा. श्रावणातच म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळात जायांची पूजा असते, देवी जाईच्या फुलांनी मढलेली असते. आईला घेऊन गेले होते. परत येताना ती गाडीत म्हणाली, "ह्या जायांना कुठलं पाणी असेल?" आता तिलाही तो प्रश्न पडायला लागलाय.

सोसायटीच्या मीटिंगमधे मी विषय मांडला. सुरुवातीला ऐकून घेतलं नाही, झाडांसाठी वेगळी लाइन कशाला, खर्च कोण करणार. मी दोन पेले आणि मीटर घेऊन गेले होते, ते टेबलावर ठेवले. तळमजल्यावरच्या एका आजोबांनी उठून सांगितलं की त्यांचा सोनचाफा गेल्या वर्षी असाच कडेने जळत गेला. शेवटी सॉफ्टनरच्या आधी बोअरच्या लाइनला एक बायपास नळ आणि गच्चीवरच्या पावसाच्या पाण्यासाठी खाली दोन टाक्या एवढं मान्य झालं. बोअरचं पाणी जडच आहे, ते मी कुंड्यांना घालणार नाही, पण खालच्या बागेला सोडियमपेक्षा ते शंभर पटीने बरं.

चवथीला आम्ही मयेला गेलो. बाल्कनीतल्या ग्रिलखाली, रिकाम्या कुंड्यांत, एक तर चपलांच्या रॅकमागच्या फटीत, अशी मिळून सतरा रोपं उगवली होती, आईने ती दह्याच्या रिकाम्या डब्यांत लावली होती आणि डबे टोपलीत घालून बरोबर घेतले. विहिरीजवळची रांग मधून मधून तुटली होती, घर सहा-सात महिने बंद होतं. मी कळशी सोडली, कप्पी गंजून करकरत होती. पाणी वर आलं ते थोडं तांबूस, जांभ्यातलं लोह आहे ते, मयेला आम्ही लहानपणापासून कळशीतलं पाणी घागरीत, घागरीतलं परत कळशीत असं वरून ओतून रात्रभर ठेवायचो आणि सकाळी वरचं फडक्यातून गाळून घ्यायचो. हवा लागली की विरघळलेलं लोह गंज होऊन तळाला बसतं. झाडांना तेही करायची गरज नाही.

आईने काठीचा आधार घेत वाकून पहिलं रोप खड्ड्यात ठेवलं, माती सारली, आणि माझ्याकडे बघितलं. मी खिशातून मीटर काढून कळशीत बुडवला.

"किती?"

"अडतीस."

"मग घाल."